शीग लावलेली पेटी

उलव्याच्या जुन्या गावात, टॉवरांच्या पाठीला पाठ लावून, पंढरी घरतचा मांडव आहे. मांडव म्हणजे घरामागं चार लोखंडी खांबांवर पत्रे टाकून केलेली जागा. आत लाकडाच्या भुशाचा थर, भिंतीला टेकवलेले जाड तक्ते, फेव्हिकॉलचे डबे आणि कोपऱ्यात एक कुत्री. तिला कटरच्या आवाजाचं काही वाटत नाही, पण फटाका वाजला की खाटेखाली घुसते.

पंढरी आगरी. त्याचा बापूस मिठागरात राबला, आयस मालतीबाईही राबली. पंढरीच्या वाट्याला मिठागर आलं नाही. तो सुतारकाम शिकला, नव्या इमारतींचे दरवाजे बसवत फिरला, आणि चाळिशीला आल्यावर गाड्यांमधल्या स्पीकरच्या पेट्या करायला लागला. त्याला कारण धम्मपाल.

धम्मपाल परभणीकडचा. कळंबोलीला ट्रकांच्या अड्ड्याजवळ त्याचं स्पीकरचं दुकान. दहा फुटांचं, पण काचेचं. ट्रकवाल्यांना हॉर्न विकता विकता तो गाडीच्या डिकीतले दणक्याचे मोठे स्पीकर, म्हणजे वूफर, विकायला लागला. वूफर नुसता ठेवून वाजत नाही, त्याला पेटी लागते. तयार पेट्या मिळतात, पण त्या प्रत्येक गाडीला बसत नाहीत. एकदा धम्मपालचं लाकडी काउंटर दुरुस्त करायला पंढरी गेला होता. धम्मपाल त्याला म्हणाला, "भाऊ, तुमचा सांधा लै चांगला असतो. मला एक पेटी करून देता का?" तिथून दोघांचं जमलं. गिऱ्हाईक स्पीकर घ्यायचं धम्मपालकडून, पेटीला यायचं पंढरीच्या मांडवात.

पेटीत लाकडापेक्षा हवा महत्त्वाची, हे पंढरीला धम्मपालनंच शिकवलं. स्पीकरचा पडदा पुढं-मागं धावतो, आणि पेटीत कोंडलेली हवा त्याला मागून उशीसारखी धरून ठेवते. हवा कमी पडली तर आवाज घुसमटतो. जास्त झाली तर धरायला कोणी राहत नाही, पडदा नको तितका बाहेर येतो आणि एक दिवस फाटतो. किती लिटर हवा लागणार ते कंपनी कागदावर लिहून देते. चौकोनी पेटी असली की पंढरी टेप लावायचा, लांबी-रुंदी-उंची गुणायचा, लाकडाची जाडी वजा करायचा आणि कागदाला पोचायचा. सहा वर्षांत त्याची एकही पेटी परत आली नव्हती.

मग आला कुंदन. वय सत्तावीस. घरची जमीन विमानतळात गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर इमारत झाली, आणि इमारतीतून कुंदनची पांढरी मोठी गाडी निघाली. बहिणीची, रंजिताची, हळद महिन्यावर होती.

"दादूस," तो पंढरीला म्हणाला, "हलदीच्या मांडवाच्या तोंडाशी गाडी लावनार आनि डिकी उघडनार. अख्ख्या गावाचा पोट हालला पायजे. पन डिकी भरून टाकू नको. मना सामान पन ठेवाचा हाय."

"मंग पेटी खं ठेवू? तुज्या डोक्याव?"

"ती चाकाच्या वर बाजूला जागा हाय ना, वाकडी. तिच्यात बसव."

वाकड्या जागेत लाकूड बसत नाही. तिथं फायबर लागतं. ते काम पंढरीनं केलं नव्हतं, नुसतं मोबाइलवर पाहिलं होतं. पण गावचा पोर, त्यात दादूस म्हणत आलेला. पंढरी म्हणाला, "करतो."

आणि केलं, झकास केलं. डिकीच्या त्या कोपऱ्याला त्यानं चिकटपट्टी आणि चांदीचा कागद लावला, वर फायबरची जाळी अंथरून सुकल्यावर कडक होणारं रेझिन चोपडलं. वासानं मालतीबाई दोन दिवस शिव्या घालत होती. तिसऱ्या दिवशी ते कवच फणसाच्या सालीसारखं निघालं, गाडीच्या अंगाला अंग लावून बसणारं. त्याच्या तोंडाला पंढरीनं स्पीकरच्या मापाचं गोल भोक पाडलेली फळी लावली, कवचापासून फळीपर्यंत कापड ताणलं, त्यावर पुन्हा रेझिन. पोटुशी बाई बसावी तशी पेटी दिसायला लागली.

आता हवा मोजायची. कागदावर लिहिलं होतं पस्तीस लिटर. पण पोट आलेल्या पेटीला टेप कुठं लावणार?

पाणी ओतलं असतं, तर अर्धवट सुकलेल्या सांध्यात शिरलं असतं. पंढरीनं डोकं लावलं. घरात जाड्या मिठाच्या दोन गोणी होत्या. मांडवात ॲल्युमिनियमचा एक पसरट टोप होता. त्यानं टोपात बाटलीनं पाणी मोजून ओतलं. काठोकाठ बरोबर अडीच लिटर. म्हणजे चौदा टोप मीठ पेटीत मावलं की झाले पस्तीस. त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

"आये, जरा ये," त्यानं हाक मारली. "मना टॉर्च धराचा हाय. तू मीठ टाक, मी मोजतो."

मालतीबाई सत्तरीची, गुडघ्यांनी गेलेली, पण गोणी समोर आली आणि बाईचे हात तरणे झाले. ती फतकल मारून बसली. टोप गोणीत खुपसायचा, झटक्यात वर काढायचा, भोकात रिता करायचा. टॉर्च धरून पंढरी आत बघत होता. मीठ कोपऱ्याकोपऱ्यात जातंय ना, ते बघत होता. एक, दोन, तीन. पहिल्या खेपेला बारा टोपांतच पेटी भरली. मग त्यानं फळी पुढं घेतली, कापड पुन्हा ताणलं, सुकवलं, पुन्हा आयशीला बसवलं. बरोबर चौदा.

"झाला?" मालतीबाईनं विचारलं.

"झाला. एक नंबर माप हाय."

"माप भरावा तं आमीच," ती म्हणाली आणि पदराला हात पुसून आत गेली.

हळदीच्या दिवशी, नवरीला हळद लागायच्या आधीच, दुसऱ्या गाण्याला ठक-ठक आवाज आला. तिसऱ्याला वूफर फाटला. पडदा कडेनं उसवला आणि आतली तारेची गुंडाळी जागेवर अडकली. पाहुण्यांनी कुंदनची इतकी थट्टा केली, की दुसऱ्या दिवशी त्याची गाडी कळंबोलीला धम्मपालच्या काचेला नाक लावून उभी राहिली. कुंदननं पंढरीलाही बोलावून घेतलं होतं.

"डुप्लिकेट माल देतंस?" कुंदन ओरडत होता. शेजारच्या लोखंडाच्या गाळ्यांतली माणसं बाहेर आली होती. "परभनीशी येऊन आमाला टोपी घालतंस?"

"कुंदनभाऊ, बिल आहे, सील तुमच्यासमोर फोडलं," धम्मपाल म्हणत होता. "पेटीचं माप एकदा तपासून बघू. माप चुकलं तर असाच फाटतो."

कुंदन वळला. "दादूस, पेटी मापात हाय ना?"

"मापात हाय," पंढरी म्हणाला. "मी सोता मोजलाय."

खोटं बोलला नाही. त्या घडीला त्याला तसंच ठाऊक होतं.

धम्मपालनं त्याच्याकडं पाहिलं, आणि मग पंढरीच्या शब्दावर शब्द न टाकता नवा स्पीकर खोक्यातून काढून कुंदनच्या हातात दिला. पदरचा. तरी कुंदनचं पोट भरलं नाही. पोरांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप होता, उलवे ते पनवेल, गाड्यांच्या साऊंडचे दोनशे शौकीन. तिथं त्यानं फाटलेल्या पडद्याचा फोटो टाकला, दुकानाचं नाव टाकलं आणि खाली लिहिलं, इथं डुप्लिकेट मिळतो, जाऊ नका. अंगठ्यांची रांग लागली. त्या रांगेत पंढरीचाही अंगठा होता. का टाकला, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. गावच्या पोरानं काही टाकलं की तो अंगठा द्यायचा, वाढदिवसाला द्यायचा तसा.

पेटी कुंदननं मांडवात आणून आपटली. "ही पेटी अपशकुनी हाय. नवीन चौकोनी करून दे. सावकास."

दोन आठवड्यांनी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची फायबरची पेटी आली. मालतीबाई तेव्हा मोऱ्याला लेकीकडं गेली होती. पंढरी एकटाच बसला मीठ भरायला. टोप गोणीतून काढला आणि सुताराच्या सवयीनं त्यावर पट्टी फिरवली. जास्तीचं मीठ परत गोणीत. असं करत पेटी भरली तेव्हा आकडा विचित्र आला. पेटी दिसायला कुंदनच्या पेटीहून लहान, आणि टोप गेले पंधरा.

त्यानं उठून कुंदनची पेटी ओढून आणली आणि तीही पट्टी फिरवत भरली. चौदा टोप झाले, तरी पेटीचं पोट रिकामं. अठरा टोप गेले. म्हणजे पंचेचाळीस लिटर. मीठ काढून पुन्हा भरलं. अठरा. तिसऱ्यांदाही अठरा.

मालतीबाई मोऱ्याहून परतली. तिनं सुकटीची पिशवीही खाली ठेवली नव्हती, तोच तो म्हणाला, "आये, या पेटीत जरा मीठ भर."

"परत? मिठाचा लोनचा घालतंस काय?"

पण बसली. आणि यावेळी पंढरीनं टॉर्च धरला नाही, तिच्या हाताकडं पाहिलं. टोप गोणीतून वर यायचा तेव्हा त्यावर मिठाचा डोंगर असायचा, वर टोक काढलेला. ती तो डोंगर सांभाळत, एक खडा सांडू न देता भोकाशी न्यायची. शीग. तीस वर्षं तिनं असंच माप भरलं होतं. मुकादमाला, व्यापाऱ्याला, दारावर आलेल्या कोळणीला, सगळ्यांना शीग लावून. सपाट माप कोणाच्या हातावर ठेवणं त्या घरात शिवी दिल्यासारखं होतं. आणि टोप पसरट, त्यामुळं शीगही मोठी. पाण्याला शीग नसते, हे पंढरीला त्या दिवशी सुचलं नाही. डोंगर त्यानं तेव्हाही पाहिला असणार. डोळ्यांना खटकला नाही, एवढंच. लहानपणापासून मापाला टोक असतंच.

"चवदा," मालतीबाई म्हणाली. "तुजा माप बरोबर व्हता."

पंढरीनं पेटी पालथी करून मीठ परत गोणीत ओतलं.

तेव्हाच गाडीला किक मारून कळंबोलीला गेला असता, तर ही गोष्ट तिथंच संपली असती. तो गेला नाही. आज जातो, उद्या जातो. कुंदनला काय सांगायचं? बहिणीच्या हळदीत माझ्या पेटीनं तुझी लाज घालवली? गावात उन्हाळ्यात पंधरा हळदी होत्या, आणि पंधरांतल्या दहा गाड्या त्याच्याकडं येणार होत्या. शिवाय धम्मपालनं नवा स्पीकर दिला, कुंदन गप्प झाला, मिटलं ना सगळं. असं तो स्वतःला सांगायचा आणि जेवण अर्ध्यावर टाकून उठायचा. शेवटी मालतीबाईनं विचारलं, "पोटात जंत झालेत काय?"

कामापायी कळंबोलीला जावं तर लागायचंच. तिथं त्याला दिसायचं की काही मिटलेलं नाही. आता गिऱ्हाईक काचेचं दार ढकलून आत आलं की धम्मपाल किंमत सांगायच्या आधी खोक्यावरचं चकाकणारं स्टिकर नखानं खरवडून दाखवायचा. "हे बघा साहेब, ओरिजिनल. हा नंबर कंपनीच्या साइटवर टाका." गिऱ्हाइकानं विचारलेलं नसायचं. त्याच्या अंगठ्याचं नख त्यानं झिजून गेलं होतं. पूर्वी संध्याकाळी दुकानापुढं पाच-सहा गाड्या असायच्या. आता ट्रकवाले हॉर्न घेऊन जायचे, तेवढेच.

एका दुपारी धम्मपालनं स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी त्याच्यापुढं सरकवली.

"भाऊ, एक काम होतं. मागायला बरं वाटंना."

"बोल ना."

"तुम्ही त्या ग्रुपात आहात. गावची पोरं तुमचं ऐकतात. एवढंच लिहा, की मी ह्या माणसाला सहा वर्षांपासून ओळखतो, हा डुप्लिकेट विकत नाही. मी लिहिलं तर हसायलेत. तुमचा शब्द पडला तर फरक पडंल." तो थांबला. "मी आजपर्यंत तुमच्याकडं काही मागितलं नाही."

तेव्हा तरी पंढरीनं बोलायचं होतं. तो म्हणाला, "बगतो. लिवतो."

घरी येऊन त्यानं फोन हातात घेतला. हा माणूस चांगला आहे, असं लिहायला बोट उचललं, आणि त्याला स्वतःची शिसारी आली. जे आपल्या अंगावर आहे, ते आपण दुसऱ्यावर उपकार करतोय अशा थाटात लिहिणार होतो. फोन उलटा ठेवून त्यानं मालतीबाईला सगळं सांगितलं. आजवर सांगितलं नव्हतं, म्हातारीला वाईट वाटेल म्हणून.

म्हातारीला वाईट वाटलं नाही, ती भडकली. "सपाट भराचा व्हता तं तोंडानी सांगाचा व्हता! मना काय सपना परला व्हता?"

"तुजी चूक नाय गो. माजीच हाय."

"मंग सांग ना त्याला. इतके दिस कनाला गप बसलास? लाज वाटते तं माज्या नावाव घाल. आयसनी शीग लावली सांग. मना कोन फाशी देतंय?"

"तुज्या नावाव नाय घालनार."

"मंग सोताच्या नावाव घाल. पन घाल एकदाचा, आनि जेव."

लिहायचं त्याच्यानं झालं नाही. त्यानं आवाज रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकला. "मी पंढरी घरत. कुंदनचा स्पीकर फाटला तो माज्या पेटीनी फाटला. पेटी धा लिटर मोठी झाली. मी मिठानी मोजली, टोपाला शीग लावून, आनि हिशोब धरला सपाट. धम्मपालचा माल ओरिजिनल व्हता. मना ह्यो पाच आठवडे आधी समजला आनि मी गप बसलो."

पाठवलं आणि तो शिव्यांची वाट बघत बसला.

शिव्या आल्याच नाहीत. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली पिवळी तोंडं आली, ओळीनं. 'दादूसनी शीग लावली!' 'आगऱ्याचा माप हाय, कमी कसा परंल?' 'मानूस खरा बोल्ला, मानला दादूस.' कुणी हार घातलेलं चित्र टाकलं. दहाव्या मिनिटाला कुंदनचाच फोन.

"काय दादूस, इतका मनाला लावून घेतंस? व्हतंय चुकून. आपलाच मानूस हाय तू."

"आनि त्याचा काय? तू त्याला डुप्लिकेट बोल्लास."

"त्याला नवीन कोन देनार व्हता नायतरी? त्यानंच दिला ना? मंग झाला. माजी चौकोनी पेटी कवा देतंस ते सांग."

"तू एकदा जाऊन त्याला बोल."

"जाऊ रे, त्या बाजूला गेलो की."

फोटोखालचं वाक्य कुंदननं खोडलं नाही. कोणी त्याला खोडायला सांगितलंही नाही. पंढरी ती हसरी तोंडं वर-खाली करत बसला. चूक तीच होती. एकाच्या माथी मारली तेव्हा त्याला बाजारातून उठवायला निघाले, दुसऱ्यानं आपली म्हणून सांगितली तर त्याला हार घातला. तेव्हा त्याला कळलं, की धम्मपालनं लिहिलं तर का हसायचे, आणि त्यानं पंढरीचाच शब्द का मागितला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात गेला. धम्मपाल शटर वर करत होता. रेकॉर्डिंग त्याच्यापर्यंत पोचलं होतं. कोणीतरी 'ऐक, गंमत' म्हणून पाठवलं होतं.

"धम्मपाल, मी..."

"ऐकलं मी." त्यानं काच पुसायला घेतली. "पेटी चुकली त्याचं मला काही नाही. माझ्याही हातून तारा उलट्या लागल्यात." फडकं थांबलं. "काल मी भाकरी देऊन तुला विनवलं. तेव्हा तुला माहीत होतं?"

सहा वर्षांत त्यानं पंढरीला पहिल्यांदा अरेतुरे केलं.

"माहीत व्हता."

"आणि बगतो म्हणालास."

"व्हय."

धम्मपाल काच पुसत राहिला. पंढरीनं सांगितलं की त्या स्पीकरची भरपाई तो करील. धम्मपालनं मानेनंच नाही म्हटलं. पंढरी म्हणाला, कुंदनला ओढून आणतो, इथं सगळ्यांसमोर बोलायला लावतो.

"तो येणार नाही. आणि आला तरी हसत येईल." धम्मपालनं फडकं पिळलं. "तुला करायचंच असंल काही, तर एक कर. कटिंग तिकडं घरी कर, पण बसवायचं काम इथं कर. ह्या दारात. ग्रुपातली पोरं येतात, काचेतून बघतात आणि विचारतात, इथलाच फाटला होता ना? रोज कोणीतरी विचारतं. मला उत्तर देऊन देऊन कंटाळा आला. आता तू दे."

त्याच्या पुढच्या सोमवारपासून पंढरी कळंबोलीला बसतो. दुकानाच्या दारात लाकडी घोडी लावून, समोरून सळ्यांनी लादलेले ट्रक जात असताना, तो पेट्या गाड्यांत बसवतो. आठ महिने झाले. गावच्या हळदींच्या गाड्या आल्या तशा आल्या, काही पनवेलला दुसऱ्याकडं गेल्या. कुंदन एकदा येऊन चौकोनी पेटी बसवून गेला, गाडीतून न उतरता. धम्मपाल चहा मागवतो तेव्हा दोन मागवतो, पण डबा उघडताना पाठ करून बसतो.

आठवड्यातून दोनदा-तीनदा कोणी ना कोणी विचारतंच. परवा खारघरचा एक पोरगा आला, बायकोला घेऊन. काचेतून आत बघत त्यानं आवाज खाली आणला, पण इतकाही नाही.

"इथलाच ना तो? जो स्पीकर हळदीत फाटला?"

पंढरी स्क्रू पिळत होता. त्यानं हातातलं काम खाली ठेवलं, उठून उभा राहिला. उभं राहूनच सांगायचं, हे त्यानं स्वतःच ठरवलेलं.

"स्पीकर चांगला व्हता. पेटी माजी चुकीची व्हती. दहा लिटर जास्त. आनि समजल्यावर मी पाच आठवडे बोल्लो नाय, दुकानाचा नाव खराब झाला."

पोरगा गोंधळला. त्याला एवढं नको होतं. बायको नवऱ्याचा दंड धरून म्हणाली, "चला ना." पण पोरगा धम्मपालकडं वळला.

"मग पेटी अजून यांच्याकडूनच का करून घेता?"

पंढरी तिथंच उभा राहिला. हे याआधी कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यालाही उत्तर हवं होतं.

धम्मपालनं वायरीचं टोक दातांनी सोललं, प्लास्टिक बाजूला थुंकलं.

"गाडी कोणती आहे तुमची?" त्यानं विचारलं.